तेल तापेपर्यंत थांबणारे गॅरेज

ऑटोमॅटिक गाडीचे गिअरबॉक्स ऑइल बदलण्याचे काम मी गेल्या महिन्यात पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीतील छोट्या गॅरेजमध्ये करून घेतले. हे काम बाहेरून जितके किरकोळ दिसते तितकेच ते बिघडवणेही सोपे आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो आहे. गॅरेजचे नाव मात्र इथे सापडणार नाही. मी लिहिणार असल्याचे सांगितल्यावर मालक म्हणाले, "काका, लिहा, पण नाव नका टाकू. आहेत ती गिऱ्हाइकंच आवरत नाहीयेत." पुण्यात जन्म काढल्यानंतर मला या उत्तराचे आश्चर्य वाटायला नको होते.

गाडी होंडा सिटी आहे, चौथ्या पिढीची, म्हणजे जानेवारी २०१४ मध्ये भारतात आलेले मॉडेल. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुल्यांवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. काम केले तेव्हा ओडोमीटरवर ७१,६०० किलोमीटर झाले होते. त्यांतले बहुतेक कोथरूड ते हिंजवडी या रोजच्या येरझाऱ्यांत आणि वर्षातून तीन-चार वेळा ताम्हिणी घाटातून कोकणात उतरण्यात गेलेले आहेत. गेल्या पावसाळ्यापासून गाडीला एक खोड लागली होती. सिग्नल सुटल्यावर ब्रेकवरचा पाय काढून अॅक्सिलरेटर हलका दाबला की ताशी दहा ते वीस किलोमीटरच्या दरम्यान गाडी दोन-तीन सेकंद थरथरायची. रम्बलरच्या पट्ट्यांवरून जावी तशी, पण खाली रस्ता गुळगुळीत असे. सकाळी थंड गाडीत हे कधीच होत नसे आणि संध्याकाळी भूमकर चौकात अर्धा तास रखडल्यावर हमखास होत असे, त्यामुळे ज्याला दाखवायला न्यावी त्याच्यासमोर गाडी शहाण्या मुलासारखी वागायची.

ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी गाडी नेत होतो तिथे आधी इंजिनचे माउंटिंग तपासले, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, तिचे पैसे घेतले आणि थरथर तशीच राहिली. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल मी विचारले तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने ते तेल "लाइफटाइम" असते, त्याला हात लावायचा नसतो, असे ठामपणे सांगितले. पुढच्याच खेपेला त्याच काउंटरवर दुसऱ्या तरुणाने मशीनने पूर्ण फ्लश करण्याचे पाच आकडी एस्टिमेट हातात ठेवले. एकाच छपराखाली तेल एकतर कधीच बदलायचे नव्हते किंवा सगळेच्या सगळे बदलायचे होते. मधली काही वाट असू शकते याची चर्चा करायला तिथे कोणी मोकळे नव्हते.

लाइफटाइम या शब्दाविषयी थोडे. तो निव्वळ खोटा नाही, पण त्यात कोणाचे आयुष्य धरले आहे ते सहसा सांगितले जात नाही. बीएमडब्ल्यूपासून अनेक महागड्या गाड्यांमध्ये बसणारा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जर्मनीची झेडएफ ही कंपनी बनवते. तो बसवणाऱ्या काही गाड्यांच्या कागदपत्रांत तेल आयुष्यभराचे म्हटलेले असले तरी खुद्द झेडएफ मात्र वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला असे सांगते. बनवणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे म्हणणे असे वेगळे पडले, तर मी बनवणाऱ्याचे ऐकेन. माझ्या गाडीबाबत तर हा वादही नव्हता, कारण ग्लव्ह बॉक्समध्ये आठ वर्षे पडून असलेल्या ओनर्स मॅन्युअलमधल्या देखभालीच्या तक्त्यात गिअरबॉक्सच्या तेलाची ओळ स्वच्छ छापलेली होती. तो तक्ता मी या प्रकरणाआधी एकदाही उघडला नव्हता, तेव्हा सगळा दोष सर्व्हिस सेंटरच्या माथी मारणे बरोबर होणार नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे क्लचचे पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात आणि तेलाच्या दुकानात घोटाळा तिथूनच सुरू होतो. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेला एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असून त्याचा क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्याच्या पोटात नेहमीचे गिअर ऑइल असते आणि त्या यंत्राचे हायड्रॉलिक तेल वेगळे असते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर असलेला जो पारंपरिक ऑटोमॅटिक, त्याला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागते, आणि तेही कंपनीगणिक निराळे: टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाईचे एसपी-फोर. दुहेरी क्लचच्या डीसीटीचे शास्त्र आणखी वेगळे. सीव्हीटीत तर ठरावीक गिअरच नसतात. दोन शंकूसारख्या पुल्यांमधून पोलादी चकत्यांचा पट्टा फिरतो आणि पुल्यांचे गाल जवळ-लांब सरकले की गुणोत्तर बदलते. माझ्या गाडीत स्टिअरिंगमागे सात गिअरची पॅडल आहेत खरी, पण ते सातही गिअर संगणकाने मनाने मांडलेले आहेत.

सीव्हीटीच्या तेलाचे काम मला या निमित्ताने नीट समजले. बेअरिंग आणि दातांमध्ये त्याने घसरू द्यायचे, पण पट्टा आणि पुली यांच्यामध्ये मात्र घसरू द्यायचे नाही. शिवाय त्याच तेलाच्या दाबावर पुलीचे गाल पट्टा आवळून धरतात, त्याच तेलातून टॉर्क कन्व्हर्टर इंजिनचा जोर पुढे पाठवतो आणि सगळ्यांची उष्णताही तेच वाहून नेते. एका नोकराने चार घरची धुणी करावीत तसा हा प्रकार आहे. इंजिन ऑइलसारखी पेट्रोलची काजळी त्यात मिसळत नाही म्हणून ते जास्त टिकते, परंतु उष्णतेने त्याचे ऑक्सिडेशन होत राहते आणि घर्षणाचा तोल राखण्यासाठी घातलेली रसायने हळूहळू संपत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो हा जाणकारांचा ढोबळ ठोकताळा आहे, आणि उन्हाळ्यात पहिल्या गिअरच्या वेगाने रांगणारी गाडी तेलाला किती तापवत असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तेल मिळवण्याचा किस्साही सांगण्यासारखा आहे. गॅरेजच्या मालकांनी फोनवरच सांगितले होते की तेल मी आणले तरी चालेल, पण डब्यावर एचसीएफ-टू, म्हणजे होंडाच्या सीव्हीटी तेलाची, हीच अक्षरे हवीत. नाना पेठेत, जिथे पुण्यातल्या निम्म्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, एका दुकानात मी "सिटी ऑटोमॅटिकचे तेल" मागितले आणि काउंटरवरच्या माणसाने आत हाक मारून जे डबे पुढ्यात ठेवले ते होंडाच्याच एटीएफचे, म्हणजे डीडब्ल्यू-वनचे होते. चूक समजण्यासारखी आहे. माझ्या आधीच्या पिढीच्या सिटीत पाच गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक होता आणि त्याला एटीएफच लागत असे. नाव तेच, कंपनी तीच, डबाही दिसायला जवळचा, आत मात्र भलतेच तेल. मी डबा फिरवून वाचला नसता तर पट्टा आणि पुलीच्या मध्ये नको ते घसरडेपण माझ्या हातानेच गेले असते. "दोन्ही होंडाचीच आहेत, काही होत नाही," असे वर ऐकवण्यात आले. योग्य तेल शेवटी तीन दुकाने पुढे मिळाले, एकेक लिटरचे चार डबे.

गॅरेजला मी पहिल्यांदा गेलो तो गुरुवार होता, आणि इथून माझ्या तक्रारींची सुरुवात होते. पुण्यात गुरुवारी वीज देखभालीसाठी जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना मला साडेदहाची वेळ देण्यात आली. लिफ्ट विजेवर चालते. जॅक लावून काम करू का, असे मी विचारले तेव्हा मालकांनी नकार दिला: "एका बाजूनं उचललेल्या गाडीत लेव्हल कशी कळणार? चारही चाकं सारखी पाहिजेत." मुद्दा बिनतोड होता, पण तो बुधवारी फोनवर सांगता आला असता. वीज एक वाजता आली, आधी अडकलेली एक स्विफ्ट उतरायला आणखी वेळ लागला आणि माझी गाडी लिफ्टवर चढेपर्यंत तीन तास होऊन गेले होते. बसायला प्लास्टिकची एक खुर्ची होती व तिचा एक पाय दुबळा होता.

त्यानंतरचे काम मात्र मी उभे राहून, अथपासून इतिपर्यंत पाहिले, आणि पाहू दिले हीच या गॅरेजची पहिली जमेची बाजू. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेच्या आडून जे दिसते ते बहुधा गाडीचे बूड आणि एखाद्याची पाठ एवढेच असते.

सुरुवातीला मालकांनी ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या सॉकेटला स्कॅनर लावून काही एरर कोड साठला आहे का ते पाहिले. काही नव्हते. मग माझ्या शेजारी बसून त्यांनी गल्लीतून एक फेरी मारली आणि थरथर स्वतः अनुभवली. त्यांचा अंदाज असा की टॉर्क कन्व्हर्टरच्या आत इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा जो लॉक-अप क्लच असतो तो पकडताना चिकटतो-सुटतो आहे आणि तेलातली घर्षण सांभाळणारी रसायने क्षीण झाल्याचे ते लक्षण आहे. त्यांनी सोबत हेही बजावले की तेल बदलून फरक पडेलच अशी हमी ते देणार नाहीत. पट्टा किंवा क्लच झिजला असेल तर तेल हे औषध नव्हे. "आधी प्लगवर काय चिकटलंय ते बघू, मग बोलू."

गाडी वर गेल्यावर त्यांनी सर्वांत आधी तेल भरायचा बोल्ट सैल केला, सोडायचा नव्हे. कारण उघड आहे: खालचे तेल काढून टाकल्यानंतर वरचा बोल्ट गंजून जाम झाल्याचे कळले तर गाडी तिथेच मुक्काम करते. हा एवढासा क्रम पाहूनच माझा जीव निम्मा भांड्यात पडला. तेल सोडायच्या बोल्टला नेहमीचे षटकोनी डोके नसून चौकोनी खाच आहे आणि तिच्यात तीन-अष्टमांश इंची रॅचेटचे टोक थेट बसते. तिथे भलताच पाना घुसवून खाच गोल करून ठेवलेल्या गाड्याही आपल्याकडे येतात, असे ते बोल्ट फिरवता फिरवता सांगत होते. बोल्ट सुटला, तेलाची धार मापाच्या खुणा असलेल्या पांढऱ्या कॅनमध्ये पडू लागली, आणि आम्ही दोघेही धारेऐवजी बोल्टकडे पाहू लागलो.

त्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी-काळ्या रंगाचा लेप बसला होता, शेंगदाण्याएवढ्या जाडीचा. मालकांनी तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि माझ्या पुढे केला. चोळल्यावर पेन्सिलीच्या शिशाच्या पुडीसारखा तो बोटाच्या रेषांमध्ये भरला, कुठेही टोचले नाही. हे महत्त्वाचे. इतकी बारीक पूड ही सत्तर हजार किलोमीटरची नैसर्गिक झीज आहे; चकाकणारे कण, सुईसारखे तुकडे किंवा पत्र्याची कोर हाताला लागली असती तर तेल परत भरण्याआधी गिअरबॉक्स उघडण्याची चर्चा करावी लागली असती. नंतर त्यांनी जुन्या आणि नव्या तेलाचा एकेक नमुना काचेच्या छोट्या बाटल्यांत ओतून खिडकीत ठेवला. नव्या तेलातून पलीकडच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती, जुने तेल कोऱ्या चहासारखे गडद झाले होते. रंगावरून निकाल देऊ नये, असे त्यांनीच सांगितले. वासाला ते अधिक महत्त्व देतात. जुन्या तेलाला जळका वास नव्हता.

कॅनमध्ये साडेतीन लिटरला किंचित कमी तेल जमा झाले. जेवढे निघाले तेवढेच मोजून पुन्हा भरायचे, हा पहिला टप्पा. जुना चेपलेला वॉशर फेकून नवा लावला, बोल्ट टॉर्क रेंचने आवळला, गाडी खाली घेऊन वरच्या बाजूने लांब नळीच्या नरसाळ्यातून तेल सोडले. त्यानंतर इंजिन सुरू करून गिअरचा दांडा पी पासून खालपर्यंत प्रत्येक जागी काही सेकंद थांबवत फिरवला, जेणेकरून नवे तेल आतल्या सगळ्या वाटांमध्ये जावे. बहुतेक ठिकाणी काम इथे संपते, हात पुसले जातात आणि बिल फाडले जाते.

या गॅरेजमध्ये खरे काम इथून सुरू झाले. गाडी पुन्हा लिफ्टवर, चारही चाके समतल, इंजिन चालू, आणि स्कॅनरच्या पडद्यावर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान. सुरुवातीला आकडा ३४ होता. मालकांकडे प्रत्येक मॉडेलची पाने लावलेली, तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेली एक फाइल आहे. तिच्यात या गिअरबॉक्ससाठी दिलेल्या तापमानापर्यंत आकडा चढेपर्यंत त्यांनी बाजूच्या लेव्हल बोल्टला हात लावला नाही. तो आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मॉडेल बदलले की तो बदलतो आणि आपल्याकडे आकडा वाचून घरच्या घरी प्रयोग करणाऱ्यांची उणीव नाही. पंधरा-वीस मिनिटे आम्ही नुसते पडद्याकडे पाहत उभे होतो. मधे एक गिऱ्हाईक पंक्चरबद्दल विचारायला आले आणि हात हलवून परत पाठवले गेले.

वाट पाहण्याचे कारण असे की तेल तापले की फुगते. पाच लिटर तेलाचे तापमान पन्नास अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान दीड-दोनशे मिलीलिटरने वाढते. थंड गाडीत लेव्हल बरोबर दिसली तर गरम झाल्यावर ती जास्त होते. अति तापलेल्या गाडीत बरोबर दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कमी पडते. कमी तेलात पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि पट्टा पुलीवर घसरून कायमचा ओरखडला जाऊ शकतो. जास्त तेल फिरत्या भागांना लागून घुसळले जाते, त्याला फेस येतो, आणि फेसातली हवा दाबाचे तेच नुकसान करते. डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांत मालकाला हे स्वतः पाहता येई. आताच्या बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते, त्यामुळे ज्याने लेव्हल लावली त्याच्या शब्दावर पुढची काही वर्षे काढावी लागतात.

ठरलेल्या आकड्यावर त्यांनी लेव्हल बोल्ट काढला. काहीच आले नाही. म्हणजे मोजून भरलेले असूनही तेल थोडे कमी होते, जुने तेल आधीपासूनच कमी असावे. पुन्हा नरसाळे, पुन्हा थोडे थोडे तेल, आणि मग भोकातून बारीक धार लागली. ती धार तुटून थेंबावर आली तेव्हा त्यांनी बोल्ट बसवला. वरून साधारण पाव लिटर जादा गेले होते. केवळ मोजून भरण्यावर भागवले असते तर ती तूट तशीच राहिली असती आणि मला ते कधीही कळले नसते.

याच टप्प्यावर गॅरेजची दुसरी चूक घडली. लेव्हल बोल्टचा नवा वॉशर आणायचा राहून गेला होता. मुलाला स्कूटरवर पिटाळून तो आणवला, पण तोवर तेल ठरलेल्या तापमानाच्या पुढे गेले, म्हणून इंजिन बंद करून ते खाली येईपर्यंत थांबावे लागले आणि तपासणी पुन्हा केली गेली. जुनाच वॉशर उलटा करून लावला असता तरी मला पत्ता लागला नसता, हे खरे. तरीही तीन दिवस आधी गाडीचे मॉडेल सांगितलेले असताना शंभर रुपयांच्या आतली वस्तू हाताशी नसावी, हा ढिसाळपणाच आहे.

आता त्या मुद्द्याकडे, ज्यावर मला सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी उत्तर दिले नव्हते. खालचा बोल्ट काढून निघते ते सगळे तेल नव्हे. टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि आतल्या झडपांच्या वाटांमध्ये बरेच तेल राहून जाते. समजा एकूण पाच लिटरपैकी तीन लिटर बदलले, तर पहिल्या वेळी ६० टक्के तेल नवे होते. तेच काम काही दिवसांनी पुन्हा केले तर ८४ टक्के आणि तिसऱ्यांदा केले तर जवळजवळ ९४ टक्के. मोठ्या पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये हे प्रमाण आणखी कमी असते. दहापैकी चार लिटर निघत असतील तर दोन वेळा बदलूनही ६४ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. मालकांनी हे गणित पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवले आणि माझ्या गाडीसाठी दीड-दोन हजार किलोमीटरनंतर आणखी एकदा बदलण्याचा सल्ला दिला. तिसऱ्या वेळेचा खर्च वाया जाईल असेही त्यांनीच सांगितले. दुसरा कोणी असता तर तिसराही विकला असता.

मशीनने फ्लश करण्याला ते सरसकट विरोध करत नाहीत, परंतु सत्तर हजार किलोमीटर तेल न बदललेल्या सीव्हीटीत ते मशीन लावत नाहीत. मशीनला तेल पुष्कळ जास्त लागते, आणि दाबाने उखडलेली घाण बारीक झडपांमध्ये जाऊन बसण्याची धास्ती त्यांना वाटते. "तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" या सर्वत्र ऐकू येणाऱ्या गोष्टीबद्दलही मी विचारले. त्यांचे उत्तर असे की लोक तेल बदलायला येतात तेच मुळी गाडी घसरायला लागल्यावर. आतले भाग आधीच गेलेले असतात, नाव मात्र नव्या तेलाचे खराब होते. चुकीचे तेल आणि चुकीची लेव्हल ही त्याच गोष्टीची बाकीची दोन कारणे असावीत, असे मी नाना पेठेतला अनुभव जमेस धरून माझ्या पदरचे जोडतो.

खर्च असा झाला: तेलाचे पैसे मी दुकानात वेगळे दिले होते, गॅरेजने मजुरी, वॉशर आणि स्कॅनरची तपासणी मिळून १,६५० रुपये घेतले. चारही डब्यांचे तेल धरून एकूण रक्कम सर्व्हिस सेंटरच्या फ्लशच्या एस्टिमेटच्या निम्म्याहून पुष्कळ खाली राहिली आणि दुसऱ्यांदा बदलण्याचा खर्च मिळवला तरी ती खालीच राहील. चौथ्या डब्यात उरलेले तेल झाकण घट्ट करून त्यांनी न मागता डिकीत ठेवून दिले. बिल मात्र वहीच्या पानावर होते. पक्के बिल मागितल्यावर ते संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आले, त्यात गाडीचा नंबर चुकलेला होता, तो दुरुस्त होऊन दुसऱ्या दिवशी आला. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी अशा बिलावर भिस्त ठेवू नये. त्यांनी हे काम अधिकृत ठिकाणीच करावे आणि तेलाची नोंद सर्व्हिस बुकात करून घ्यावी. जुन्या तेलाचे काय करता, हेही मी विचारले. ते वेगळ्या पिंपात साठवून तेल पुन्हा शुद्ध करणाऱ्यांच्या गाडीला देतात. गटारात ओतण्याची सोय जवळच असताना हे करणारी गॅरेज मी मोजकीच पाहिली आहेत.

परिणामाबद्दल सांगायचे तर पहिल्या दिवशी मला विशेष फरक जाणवला नाही आणि मी थोडा हिरमुसलो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून थरथर विरळ होत गेली. आता महिना होऊन गेला आहे, साधारण १,१०० किलोमीटर झाले आहेत, आणि भूमकर चौकाच्या कसोटीला गाडी दहापैकी आठ-नऊ वेळा उतरते. पूर्ण गेली असे म्हणता येणार नाही. एखाद्या दमट संध्याकाळी, एसी पूर्ण चालू असताना, सुटताना एक बारीकशी कंप येऊन जाते. मायलेजमध्ये मोजण्यासारखा बदल नाही, आणि तेल बदलल्यावर गाडी पाखरासारखी उडायला लागते असे सांगणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. लिफ्टखाली पाहून आलो तेव्हा तिन्ही बोल्ट कोरडे होते.

ज्यांना वेळेची फार निकड आहे, बसायला गार खोली आणि हातात छापील बिल हवे आहे, त्यांना हे गॅरेज मानवणार नाही. मला तिथे पुन्हा जायचे आहे, कारण पडद्यावरचा आकडा चढेपर्यंत माणूस पाना खाली ठेवून उभा राहिला, आणि तेवढ्यासाठी मी दुबळ्या पायाच्या खुर्चीवर बसायला तयार आहे. दुसऱ्या वेळेसाठी फोन केला तेव्हा मालकांनी पुन्हा गुरुवारच सुचवला होता. मी मंगळवार मागून घेतला, वॉशर तीन लागतात याची आठवण करून दिली, आणि तेलाचे डबे या खेपेस आधीच आणून, त्यांवरची अक्षरे दोनदा वाचून, जिन्याखाली ठेवले आहेत.